पिवळ्या लोकरीचा आठवडा

राजकुमारभाऊ बोलायले उभा राह्यला की सुचिताच्या अंगावर काटा येत जाय. दिसायले माणूस काहीच नाही. बुटका, पोट सुटलेलं, कुडत्याचं वरचं बटन कायम तुटलेलं. पण हातात माईक आला की त्याच माणसात एवढा आवाज कुठून येत जाय, देवच जाणे. "मायबहिनींनो," म्हणून तो असा थांबे, की मागच्या रांगेतली बाई पोराले थोपटता थोपटता हात थांबवून बसे. मंग हळूच, घरातलं गुपित सांगितल्यासारखं, "तुमच्या हाताचा घाम समुद्रापल्याड चालला, अन् तुमाले कोनी सांगतलं बी नाही."

सुचिताले त्याची भाषणं पाठ होती. दहावीचं पुस्तक तिच्या डोक्यात कधी टिकलं नाही, पण भाऊचं मेहकरचं भाषण, लोणारचं भाषण ती वावरात जाता जाता धडाधड म्हणून दाखवे. थांबायच्या जागा धरून. सासू म्हणे, "माय वं, इलेक्शनले तूच उभी राह्य."

अन् गंमत पाहा, ज्या परदेशी कंपनीवर भाऊ एवढा तुटून पडे, तिचंच काम सुचिता करे. ती अन् चिंचखेडीतल्या आणखी चाळीस बाया.

चिंचखेडी म्हणजे सुलतानपूरच्या रोडवरून आत दोन कोस. गावात सहा शेडनेट. हिरव्या जाळीचे मोठाले मांडव, अन् आत कंपनीची मिरची. खायची नाही, बियाची. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी चिमट्यानं सोलायची, आतला नर, म्हणजे परागाचे तुरे, काढून टाकायचा. सकाळी त्या उघड्या टोकाले दुसऱ्या झाडाच्या परागाची पावडर लावायची अन् देठाले लोकरीचा धागा बांधायचा. याले क्रॉसिंग म्हणतात. एक बाई दिवसाले हजार फुलं करते. मान मोडते, डोळे जातात, पण हात असा चालतो की पाहत राहावं.

सोललेली कळी रातभर उघडी राहते. त्या वेळात एखादी माशी बाहेरच्या मिरचीवरून येऊन तिच्यावर बसली, तं त्या फळातलं बी गेलं कामातून. म्हणून नेटाले दोन दारं असतात, मधात बाथरूमएवढी जागा. एक दार लावल्याबिगर दुसरं उघडायचं नाही. कलेक्टर आला तरी नाही.

हे सगळं पाहायले बेबीताई होती. बायांची मुकादम. पन्नाशीची, काडीसारखी, चष्म्याच्या दोन्ही काड्यांले दोरा बांधून गळ्यात अडकवलेला. समोर आलेला कोणताही कागद ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचे, किराण्याची पुडी असली तरी. तिची एक रीत होती. दुसऱ्या गावांत सगळ्या हंगामाले एकच पांढरा धागा. बेबीताई हर आठवड्याले रंग बदले. पहिला आठवडा लाल, मंग हिरवा, मंग पिवळा, निळा, गुलाबी. तोडणी बी रंगारंगानं करून घे, बियाणं बी वेगवेगळं वाळवे. कंपनीच्या पोत्यात गेल्यावर सगळं एकच होत जाय, पण तिथपर्यंत बेबीताईचे रंग वेगळे.

"कंपनी मांगत नाही तं करता काऊन?" सुचितानं एकदा चिडून विचारलं होतं. लोकर शोधत मेहकरपर्यंत जावं लागे.

"कंपनी मांगत नाही, मी मांगतो," बेबीताई म्हणाली होती. "कोन्या दिवशी माहा हात कसा चालला, हे मले नको मालूम?"

तं झालं असं. सप्टेंबरात राजकुमारभाऊ गावात आला. ग्रामपंचायतीसमोर दहा माणसं, अन् बाया एक बी नाही. पीक भरात होतं, कळ्या सोलायच्या होत्या. दुसरा कोणी असता तं चिडून निघून गेला असता. भाऊ म्हणाला, "मायबहिनी येत नसतीन तं आपन जाऊ." अन् निघाला उकंडराव नावाच्या शेतकऱ्याच्या नेटाकडं, मागून माईकवाला, मोबाईलवर शूटिंग करणारे, अन् बाकीच्या पाच नेटांतल्या बाया. तेवढ्या आत मावल्या नाहीत. अर्ध्या बाहेर उभ्या.

सुचितानं पाह्यलं, बाहेरच्यांले ऐकू येऊन नाही राह्यलं. तिनं एक वीट घेतली अन् आतलं दार उघडंच अडकवून ठेवलं. दुसरी घेतली अन् बाहेरचं.

"सुचिता, दार," बेबीताई म्हणाली.

"हाव, लावतो. हे एवढं होऊ द्या."

भाऊ बोलत होता. काय बोलला बाप्पा त्या दिवशी! कळी हातात धरून बोलला. "या कळीले गोऱ्या सायबाचं नाव अन् माह्या बहिनीचं बोट!" बाया रडल्या. बेबीताईनं आणखी एकदा "दार" म्हटलं, पण ते टाळ्यांत बुडालं. दोन घंटे. त्या भाषणाचा व्हिडिओ पुढं पिंपळगाव राजापर्यंत फिरला.

तो आठवडा पिवळ्या लोकरीचा होता.

* * *

मे महिन्यात संघर्ष आला. संघर्ष म्हणजे कंपनीचा फिल्ड ऑफिसर. मलकापूरचा पोरगा, शेतकीची डिग्री घेतलेला, गावात आला की बेबीताईच्या घरी पहिले पाणी पिणारा. त्या दिवशी पाणी न पिताच उकंडरावच्या ओट्यावर बसला, तेव्हाच सुचिता समजली.

"लॉट फेल झाला," तो म्हणाला. "पेरून पाह्यलं आमच्या फार्मवर. शंभरात नऊ झाडं भलतीच. येत्या हंगामात चिंचखेडीचं काम बंद. साही नेट."

"माह्या एका नेटाचं बियाणं," उकंडराव म्हणाला, "अन् साही नेट कशापायी?"

संघर्ष खाली पाहत होता. "साही नेटांत क्रॉसिंग याच बाया करतात ना."

बेबीताईनं हात पुढं केला. "कागद दाखवा, दादा."

"ताई, इंग्रजीत आहे."

"तुमी वाचा. मी पाहत बसतो."

संघर्षनं वाचलं. शेवटची ओळ त्यानं हळूच वाचली. या गावच्या मजूर बायांचं क्रॉसिंग कच्चं, त्यांना पुढं काम देऊ नये.

बेबीताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. चौदा वर्षं तिनं या गावाच्या बायांचे हात घडवले होते. ज्यांले सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांले कळी सोलायले शिकवलं होतं. अन् समुद्रापल्याडच्या कोण्या माणसानं एका ओळीत लिहून टाकलं, कच्चं.

सुचिताच्या डोक्यात आग गेली. "कच्चं तुमच्या सायबाचं तोंड!" ती ओरडली अन् तिथंच मोबाईल काढून राजकुमारभाऊले फोन लावला. भाऊनं सगळं ऐकलं. मंग त्याच त्याच्या आवाजात, "मंगळवारी येतो, बाई. त्या कंपनीले तुमच्या पाया पडायले नाही लावलं तं नाव राजकुमार नाही."

सुचितानं फोन ठेवला तं तिचे डोळे भरले होते. असा माणूस आपल्या बाजूनं आहे, आता काय भेव!

* * *

मंगळवारी दुपारी बेबीताईनं तिले घरामागं बोलावलं.

भिंतीच्या सावलीत तेलाचे पाच डबे ठेवलेले होते. वरून कापलेले, आत माती. हर डब्यात आठ आठ मिरचीची झाडं, गुडघ्याएवढी, लदलद फळं. डब्यांच्या कडीले धागे बांधलेले. लाल, हिरवा, पिवळा, निळा, गुलाबी.

"हे काय वं, ताई?"

"उकंडरावच्या नेटातलं हर आठवड्याचं चिमूटभर बी ठुलं होतं. दरसाली ठेवतो. पेरून पाह्यल्याबिगर मले झोप नाही येत."

सुचिता चरकली. कंपनीच्या करारात लिहिलं होतं, एक दाणा घरी ठेवायचा नाही. सापडला तं गाव बाद.

"पाह्य," बेबीताई म्हणाली.

लाल डब्यातली मिरची बोटाएवढी लांब, सुरकुतलेली, कंपनीले पाहिजे तशी. आठच्या आठ झाडं. हिरव्यात तसंच. निळ्यात, गुलाबीत तसंच. पिवळ्या डब्यात पाच झाडं तशी, अन् तीन भलतीच. आखूड, गुळगुळीत मिरची. उकंडरावच्या नेटापल्याड गावरान मिरचीचं वावर आहे, तिच्यासारखी.

सुचिता त्या तीन झाडांकडं पाहत राह्यली.

"पिवळा म्हंजे... भाऊ आले होते तो."

"हाव."

"माश्या आल्या असतीन दारातून."

"आल्या. दुसऱ्या दिवशी मी सात मारल्या. पन किती राह्यल्या कोन जाने."

"ताई, वीट मी लावली होती."

"मले मालूम हाये."

"मंग बोलल्या काऊन नाही तुमी?"

"झाडाले मिरची लागल्याबिगर काय बोलू? अंदाजानं मानसाले दोष द्यायचा असते का?"

सुचितानं पिवळा डबा भिंतीकडं सरकवला. "ताई, हे डबे भायेर काढू नका. दाने ठुले म्हनून गाव बाद होईन. अन् आज भाऊ येऊन राह्यले, ते पाहून घेतीन कंपनीले. त्यायच्या तोंडापुढं कोनी टिकते का?"

"नाही टिकत," बेबीताई म्हणाली, अन् ते तिनं मनापासून म्हटलं. "बोलते तो मानूस. हजार मानसात एकाले असं बोलता येते. तो कंपनीले हाकलून बी देईन. पन त्यानं माहं क्रॉसिंग पक्कं होईन का? लोकं म्हनतीन, कच्चंच होतं, नेत्याले घेऊन वरडल्या. अन् येत्या हंगामात कळी सोलायले आपन कोन्या गावाले जाचं?"

तिनं पिवळा डबा उचलून सुचिताच्या हातात दिला. "हा तू घे. बाकीचे पंचफुलाले अन् तिच्या नेटावरच्या पोरीयले सांगतो."

* * *

संध्याकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीसमोर सगळं गाव. मांडव बी फाटक्या शेडनेटचाच, हिरवी सावली सगळ्यांच्या तोंडावर. भाऊनं संघर्षले मुद्दाम पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलेलं, लग्नात रुसून बसलेल्या जावयासारखं. स्टेजवर टेबल, टेबलावर कंपनीच्या बियाचा चमचमणारा डब्बा, अन् बाजूले माचिस.

"मायबहिनींनो," भाऊ म्हणाला. थांबला.

सुचिता पिवळा डबा पदराआड घेऊन उभी होती, तरी तिच्या अंगावर काटा आलाच.

भाऊ त्या दिवशी पेटला होता. कंपनीच्या कॅलेंडरावर कसं लिहिलेलं असते, 'आपण सगळे एक कुटुंब', अन् त्याच कुटुंबातल्या बाईले कसं 'कच्चं' म्हणतात, हे त्यानं असं रंगवलं की संघर्षनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. "ज्यायनं माह्या बहिनीले कच्चं म्हटलं, त्यायचं बी या गावात नको!" भाऊनं डब्बा उचलला. काडी ओढली.

"भाऊ, काडी इझवा."

बेबीताई स्टेजच्या पायरीवर होती. आवाज मोठा नव्हता, पण भाऊ थांबला होता त्या जागेत तो बरोब्बर गेला.

"त्या डब्ब्यात बी हाये," ती म्हणाली. "नाव परदेशी असन. पन कोन्या तरी गावच्या बाईनं कळी कळी सोलून केलं ते. कदाचित मीच केलं असन. माह्यासमोर नोका जाळू."

काडी भाऊच्या बोटापर्यंत आली तेव्हा त्यानं टाकून दिली.

बेबीताईनं माईक घेतला नाही. बायांले खूण केली. पाच डबे टेबलावर आले. पिवळा सुचितानं ठेवला, तं थोडी माती टेबलावर सांडली.

"संघर्षदादा, वर या. करारात लिवलं, दाना घरी ठेवायचा नाही. मी वाचून सही केली होती, अन् मी ठुला. हा एक गुन्हा, तो माहा. आता झाडं पाहा. लाल, हिरवा, निळा, गुलाबी. यात एक झाड भलतं दाखवा, मी चिमटा कायमचा ठेवून देईन."

संघर्ष एका एका झाडापुढं वाकला. पानं उलटी करून पाह्यली, मिरच्या तोडून चिरल्या. कोणाचा तरी मोबाईल वाजला तं त्याच्या डोक्यावर शेजाऱ्यानं टप्पू मारला.

"नाही," तो म्हणाला. "एक बी नाही."

"अन् हा पिवळा. यातले तीन भलते हायेत. पिवळ्या आठवड्यात नेटाचे दोन्ही दारं उघडे राह्यले. दार पाह्यनं मुकादमाचं काम. चूक माही. बायायचे हात पक्के हायेत. कागदात तेवढं बदलून लिवा."

झालं. तिनं भाऊचं नाव घेतलं नाही. सुचिताचं घेतलं नाही. पण दारं उघडी का होती हे गावात कोणाले मालूम नव्हतं? तो व्हिडिओ हर घरच्या मोबाईलात होता, भाऊच्या मागं उघडं दार अन् खाली वीट. माणसं इकडं तिकडं पाहू लागली.

सुचिताले वाटलं, गप राह्यलं तं चालून जाईन. ताईनं आपल्या अंगावर घेतलंच आहे. अन् तेच तिले सहन झालं नाही. तिचा राग नेहमी दुसऱ्यावर निघे, आज तो कुठं निघावा हे तिचं तिलेच समजेना.

"खोटं हाये!" ती ओरडली. "ताई दोनदा म्हनली दार लाव म्हनून. वीट मी लावली! भाऊचं भाषन सगळ्यायले ऐकू जावं म्हनून लावली. नाव लिवायचं तं माहं लिवा!"

सगळ्यांचे डोळे भाऊकडं गेले.

भाऊनं माईक तोंडाशी नेला. "मायबहिनींनो," म्हणाला. अन् थांबला. सुचिताले त्याच्या थांबायच्या सगळ्या जागा पाठ होत्या, पण हे थांबणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. लांबलं. लय लांबलं. भाऊनं तुटक्या बटनाच्या जागी हात नेला.

"म्हंजे," तो शेवटी म्हणाला, "माशी मीच आनली की बे."

आधी उकंडराव हसला. मंग सगळा मांडव. भाऊ बी हसला, कान लाल झाले होते त्याचे. अन् एवढ्यात, लोकं हसून हसून दम घेत होते त्या फटीत, तो संघर्षकडं वळला. आवाज खाली आलेला, पण धार तीच.

"पन साहेब, हिशेब साफ झाला ना? चूक एका आठवड्याची. चूक कबूल करनारी बाई तुमच्या समोर उभी. अन् बेबीताईनं काय केलं? बिघाड कोन्या आठवड्याचा, हे तुमच्या कंपनीनं नाही तपासलं, ते पाच डब्ब्यात तपासलं. आता तुमची पाळी. तुमच्या मोठ्या सायबाले सांगा, चाळीस बायायले कच्चं म्हननारी ओळ आज खोडा. लावा फोन. आम्ही बसलो इथं."

अन् तो खरंच स्टेजच्या कडेवर पाय सोडून बसला. त्याच्या मागं गाव बसलं.

सुचिता पाहत राह्यली. भाषणं तिनं लय ऐकली होती. पण हातात खरी वस्तू असली की त्याच जिभेले केवढं वजन येते, हे तिनं आज पाह्यलं.

संघर्षनं फोन लावला. आधी पुण्याले, मंग तिथून हैदराबादले. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत बोलला, डब्यांचे फोटो पाठवले. मधात एकदा तो ताठ उभा राहून म्हणाला, "सर, मी स्वतः पाह्यलं. मी सही करतो." नोकरी करणाऱ्या पोराले ते सोपं नव्हतं. बेबीताईनं तेवढं ऐकलं अन् त्याच्यासाठी पाणी आणायले पोरीले धाडलं.

कंपनीनं सगळं काही सोडलं नाही. उकंडरावच्या नेटाले एक साल काम नाही. बी ठेवल्याबद्दल बेबीताईले लेखी समज. पाच नेटांचं काम पुढं सुरू, त्याच बायांकडून. अन् ती ओळ खोडायची.

उकंडराव दोन महिने सुचिताशी बोलला नाही. तिनं बी बोलावं म्हणून जबरदस्ती केली नाही.

संघर्ष डबे तपासणीले घेऊन गेला. गाडीत मागच्या सीटवर ठेवले, अन् हलू नयेत म्हणून पाची डब्यांले मिळून सीटबेल्ट लावला. पोरं खिदळली. बेबीताई नाही हसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती पाहत होती.

* * *

यंदा सप्टेंबरात भाऊ परत आला. इलेक्शन जवळ होतं. बाया पंचफुलाच्या नेटात होत्या, दाराशी सुचिता. आता दाराचं काम तिनंच मागून घेतलं होतं.

"येऊ का आत, बाई?" भाऊनं विचारलं.

"या. एकटे. पहिले मागचं दार लावा, मंग पुढचं उघडतो. बाकी पब्लिक भायेर. माईक बी भायेर."

"अन् बोलायचं असन तं?"

"भायेरून बोला ना. जाळी हाये, भिंत थोडीच."

भाऊनं तिच्याकडं पाह्यलं, दाराकडं पाह्यलं. मंग बाहेरच उभा राह्यला, जाळीले तोंड लावून. मागं गाव, पुढं हिरवी जाळी, अन् जाळीच्या आत बायांच्या वाकलेल्या माना, एक बी वर होत नव्हती.

"मायबहिनींनो," तो म्हणाला. अन् थांबला.

आत चिमटे चालत होते. टिक, टिक, टिक. सुचिताच्या अंगावर काटा आला. तिनं दाराची कडी एकदा ओढून पाह्यली.

बेबीताईनं कळी सोलली, नर खाली टाकला, पुढच्या कळीकडं हात नेला.

"बोलते मात्र झकास," ती म्हणाली.